उचलायचं नाही

टॅक्सी कंपनीतले सगळे ड्रायव्हर तिला 'कंट्रोल' म्हणायचे. वायरलेसवर हाक मारायची ती याच नावाने, आणि हळूहळू तेच नाव अंगाला चिकटलं. मालकही तिला कंट्रोल म्हणायचा. आई तेवढी म्हणत नसे. आई म्हणायची, "हे काय नाव आहे? यंत्राला हाक मारल्यासारखं वाटतं."

तिची खोली तळमजल्यावर होती. भिंतभर शहराचा नकाशा, समोर माइक, दोन फोन आणि एक खिडकी, तिच्यातून फक्त पार्किंग दिसायचं. "या कंपनीत स्वतःची खुर्ची घेऊन कामाला येणारी मी एकटीच," असं ती नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगायची. तो बिचारा हसावं की न हसावं अशा पेचात पडला, की मग म्हणायची, "हस रे, विनोद होता. उद्यापासून तुझ्यावर करीन."

जिभेला धार होती. कुणी चुकीच्या रस्त्याला लागला, की अख्ख्या ताफ्याला ऐकू जाईल असं ठणकवायची, "नकाशा माझ्यासमोर आहे. तुझ्यासमोर नुसता तुझा शहाणपणा. वळ मागे!" पण एखाद्याची गाडी आडबाजूला बंद पडली, तर तो सुखरूप घरी पोचेपर्यंत हेडफोन काढायची नाही. म्हणून ड्रायव्हर तिला वचकूनही होते आणि तिच्यासाठी कुणाशीही भांडायला तयारही.

लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले. पण ती चालायची. पायांना पट्ट्या बांधून, काखेत कुबड्या घेऊन, ठक ठक करत ती सगळ्या गल्लीत हिंडायची. शेजारच्या पोरांबरोबर भांडायची, आणि भांडणात कुबडीचा उपयोग कसा करायचा हेही तिला चांगलं ठाऊक होतं. पुढे तिशीत खांदे म्हणाले, बाई, आता पुरे. तेव्हा तिने चाकांची खुर्ची घेतली. तिचं तिला दुःख नव्हतं. उलट हात मोकळे झाले म्हणून ती खूश होती.

दुःख होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

तिच्या लहानपणी टीव्हीवर एक नट होता. लोकांना पोट धरून हसायला लावायचा. सगळे त्याला 'लाडके काका' म्हणायचे, म्हातारेसुद्धा. वर्षातून एकदा हे काका रात्रभराचा मोठा कार्यक्रम करायचे. गाणी, नकला, नाच, आणि मध्ये मध्ये अपंग मुलं. मुलं स्टेजवर यायची, काका रडायचे, बघणारे रडायचे आणि फोनवरून देणग्या यायच्या. कंट्रोल सात वर्षांची असताना तिची निवड झाली. आईने नवा फ्रॉक शिवला. गल्लीने दोघींना हात हलवून निरोप दिला.

पडद्यामागे पावडर लावणाऱ्या बाईने तिच्या कुबड्या काढून घेतल्या. "या कशाला? काका उचलूनच घेणार आहेत." मग गाल कुरवाळून म्हणाली, "आणि हसायचं नाही हं. हसलीस तर लोकांना वाटेल, हिचं काय, बरं चाललंय."

काकांनी तिला उचललं. लुळे पाय खाली लोंबत राहिले, ते कॅमेऱ्याने जवळून दाखवले. काकांचा आवाज भरून आला. "हे फुलपाखरू कधीच उडणार नाही हो," ते म्हणाले. टाळ्यांऐवजी हुंदके ऐकू आले. कंट्रोलला मात्र त्या क्षणी जोराची लघवी लागली होती. कुबड्या असत्या तर ती सरळ चालत गेली असती. पण कुबड्या कुठे ठेवल्यात ते तिला माहीत नव्हतं, आणि इतकी मोठी माणसं रडत असताना मध्येच कसं विचारायचं? ती तोंड वेडंवाकडं करून गप्प राहिली. नेमका तोच चेहरा फोटोत आला आणि सगळ्यांना वाटलं, काय ही वेदना!

तो फोटो देणगीच्या डब्यांवर छापला गेला. दुकानात, दवाखान्यात, सिनेमाच्या तिकीटखिडकीत, जिथे तिथे डबा. ती दहावीला गेली, नोकरीला लागायच्या वयाची झाली, तरी डब्यावरची मुलगी सातच वर्षांची. शाळेत नाव घालायला गेली तर बाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर डब्यावरची!" आणि डोळ्यांना पदर लावला. प्रवेश मात्र दिला नाही. पायऱ्या फार आहेत म्हणे. परीक्षेला निघालेली असताना बसमध्ये एका आजोबांनी तिच्या मांडीवर नाणं ठेवलं. आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबाने हात जोडले. "ताई, आम्ही त्या फंडाला दरवर्षी देतो की!"

म्हणजे झालं. डब्यात नाणं टाकलं, आता नोकरी कशाला द्यायची?

ही नोकरी तिला मिळाली ती टॅक्सीच्या मालकाचा टीव्ही बिघडलेला होता म्हणून, असं ती म्हणायची. त्याने ना तो कार्यक्रम पाहिला होता, ना डबा. त्याला फोनवर न घाबरता बोलणारं माणूस हवं होतं, ते मिळालं.

तर असं सगळं चाललेलं असताना एका रविवारी पोपट बातमी घेऊन आला.

पोपट हा तिचा मित्र. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. जन्मतःच त्याच्या स्नायूंवर त्याचा ताबा नव्हता, त्यामुळे एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. समोरचा माणूस वाक्य पुरं करू द्यायचा नाही, मधेच आपलंच काहीतरी घुसडायचा. पोपट हे नाव त्याने स्वतःच घेतलं होतं. "लोकांना... वाटतं... बोलता... येत नाही. म्हणून... पोपट." वाचनालयाच्या खालच्या दालनात त्यांची दर रविवारी बैठक असे. कुणी अंध, कुणी बहिरे, कुणी खुर्चीवर. कुठल्या कचेरीला उतार नाही, कुठल्या बसवाल्याने कुणाला चढू दिलं नाही, यावर भांडायचं आणि मग चहा प्यायचा.

पोपटने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. लाडक्या काकांना मानवसेवेचा सगळ्यात मोठा सन्मान जाहीर झाला होता. शेजारी त्यांची मुलाखत. त्यात काका म्हणाले होते, 'देवाने अर्धवट सोडलेली ही माणसं. त्याचं काम मी पुरं करतो आहे.'

कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग कंट्रोलने ते वाक्य बहिऱ्या मैत्रिणीसाठी हातांच्या खुणांनी पुन्हा सांगितलं. 'अर्धवट' या शब्दाला त्यांच्यात खूण होती, पण ती वेड्या माणसासाठी वापरायचे. मैत्रिणीने विचारलं, "कोण अर्धवट? काका?"

सगळे खो खो हसले. हसता हसताच ठरलं. सन्मानाच्या दिवशी सभागृहासमोर जाऊन बसायचं.

दोनच दिवसांनी काकांच्या संस्थेतून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. त्यांनी डब्यावरची मुलगी शोधून काढली होती. "काकांच्या हाती मानचिन्ह तुम्ही द्यायचं! केवढा सुंदर क्षण होईल!"

"सभागृहाला उतार आहे का?" कंट्रोलने विचारलं.

"नाही, पण काळजीच करू नका. चार मुलं तुम्हाला खुर्चीसकट उचलून वर आणतील. खरं सांगू का, ते टीव्हीवर फारच छान दिसेल."

"आणि मला दोन मिनिटं बोलायला मिळेल?"

बाई जरा अडखळल्या. "बोलायचं असं काही नाहीये. तुम्ही फक्त हसायचं."

"वा," कंट्रोल म्हणाली. "मागच्या वेळी हसू नको म्हणालात. बरीच प्रगती आहे." आणि तिने फोन ठेवला.

खरं भांडण घरात झालं. आईला तो फोन आल्याचं कळलं आणि तिचा चेहरा उजळला. कंट्रोलने नाही म्हटल्याचं कळलं तेव्हा तो विझला. आणि समोर बसून घोषणा द्यायच्या आहेत हे ऐकल्यावर तर तिने हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"त्या माणसाने तुला पहिल्या पट्ट्या दिल्या. विसरलीस? तुझे बाबा गेले तेव्हा आपल्या दारात कोण उभं होतं? कुणी नाही! त्यांची माणसं आली. दान दिलेल्या गाईचे दात मोजत नाहीत, बाई."

"मला गाय नको होती गं. रस्ता हवा होता."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! रस्ता काय तो एकटा बांधणार होता?"

"नाही. पण आवळा देऊन कोहळा काढला त्याने. मला पट्ट्या दिल्या आणि माझं तोंड घेतलं. आई, माझं तोंड सगळ्या देशभर भीक मागत फिरत होतं. आजही मी दुकानात गेले की लोक आधी पाकीट काढतात."

आईने भांडं पुन्हा उचललं. मग पाठमोरी होऊन म्हणाली, "लोक थुंकतील तुझ्यावर."

"थुंकू देत. छत्री नेते."

"मी नाही येणार."

"मी कुठे बोलावलंय?"

दोघी एकाच घरात राहून एकमेकींशी भिंतीमार्फत बोलू लागल्या. "कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय," असं आई भिंतीला सांगायची. "कुणाला भूक नाही," असं लेक.

कार्यक्रमाच्या दिवशी कंट्रोलने रजा टाकली आणि कंपनीची उताराची गाडी दिवसभरासाठी स्वतःच्या नावावर लावली. शहरात खुर्चीसकट माणसाला घेऊ शकणारी ती एकमेव टॅक्सी. ती विकत घ्यावी म्हणून कंट्रोलने मालकाच्या मागे वर्षानुवर्षं भुणभुण केली होती. गाडी अवाढव्य, म्हणून तिला सगळे 'हत्ती' म्हणायचे आणि अर्थातच ड्रायव्हरला 'माहूत'. माहुताने फेऱ्या मारून सगळ्यांना सभागृहासमोर आणून सोडलं आणि गाडी पलीकडच्या गल्लीत लावून चहा प्यायला गेला.

सभागृहाला पायऱ्याच पायऱ्या. त्यांवरून लाल गालिचा खाली आलेला. आंदोलनवाले त्या गालिच्याच्या तोंडाशीच बसले. खुर्च्या शेजारी शेजारी लावून चाकांचे ब्रेक ओढले. अंध मंडळी मधल्या जागेत मांडी घालून बसली. पोपटच्या गळ्यात पाटी होती: 'पुरी माणसं. अर्धा जिना.' ती अक्षरं त्याने छापखान्यात स्वतः निवडली होती आणि त्यांतल्या एका वेलांटीवरून त्याने खिळे जुळवणाऱ्या कामगाराशी वाद घातला होता.

पाहुणे येऊ लागले. उंची कपडे, सुगंध. कुणी त्यांच्याकडे पाहून हळहळले, कुणाला वाटलं, ही कार्यक्रमाचीच माणसं. एका बाईंनी कंट्रोलच्या मांडीवर नोट ठेवली. कंट्रोलने ती परत त्यांच्या हातात दिली. "बाई, वर जाऊन बसा. तिथे डबा असेल."

घोषणा सुरू झाल्या. कंट्रोलचा आवाज ताफा हाकण्यात तयार झालेला, त्याला माइक लागला नाही. "दया नको!" ती म्हणायची आणि बाकीचे म्हणायचे, "दार हवं!" पोपट एक घोषणा मागे असायचा. इतरांचं 'दार हवं' संपलं की त्याचं एकट्याचं यायचं, शांततेत, ओढून काढलेलं. तेच सगळ्यात जास्त लोकांना ऐकू गेलं.

मग काकांची गाडी आली. म्हातारे झाले होते, केस पांढरेशुभ्र. कॅमेरे धावले. संस्थेच्या बाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी कंट्रोलकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच फुलला. दोन्ही हात पसरून ते पुढे आले.

"माझं फुलपाखरू!"

आणि सवयीने ते वाकले. हात तिच्या काखेकडे गेले.

"हात लावायचा नाही," कंट्रोल म्हणाली.

ती ओरडली नव्हती. वायरलेसवर जसं म्हणते तसंच, स्वच्छ. पण काका जागच्या जागी थांबले, अर्धे वाकलेले. कॅमेरे दोघांच्या मध्ये घुसले.

"बाळ, अगं, मी काका..."

"ओळखलं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, काका. बाळ नाही. टॅक्सी कंपनीत चाळीस ड्रायव्हर माझं ऐकतात. तुम्हीही जरा ऐका. तुमच्या माणसांनी माझ्या कुबड्या काढून घेतल्या होत्या. मी चालायचे. तुम्ही लोकांना सांगितलंत, ही कधी उडणार नाही. मला उडायचं नव्हतंच. मला मोरीत जायचं होतं."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच दबलं. काकांना हशा कळायचा, आयुष्य त्यात गेलं होतं. हा हशा आपल्यावर आहे, हे त्यांना बरोबर कळलं.

"मी रडलो ते खोटं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"माहितीये. म्हणून तर त्रास जास्त झाला."

"मग इतकी वर्षं मी केलं काय?"

"आम्हाला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. अजूनही सांगू. वर जाऊन तो सन्मान नको म्हणा, इथे खाली येऊन बसा. जागा करून देतो."

क्षणभर, अगदी क्षणभर, ते बसतील असं तिला वाटलं. गुडघे तसे वाकलेही होते. पण बाईंनी त्यांचा दंड धरला, कुणीतरी कॅमेऱ्याचा दिवा त्यांच्या तोंडावर मारला आणि दिवा पडताच तो जुना हसरा चेहरा आपोआप वर आला. कॅमेऱ्याकडे हात हलवत ते बाजूने पायऱ्या चढून गेले.

नंतर पोलीस आले. साहेब भला माणूस होता, पण वरून हुकूम होता: रस्ता मोकळा करा. तो म्हणाला, "उठा बरं."

"कोण उठणार?" कंट्रोलने विचारलं.

साहेब ओशाळला. "म्हणजे... तुम्हाला अटक करावी लागेल."

"करा की."

पोलिसांची गाडी आणली. मागचं दार उघडलं. पायरी कमरेएवढी उंच. दोन शिपाई खुर्चीला हात घालायला पुढे झाले तशी कंट्रोल म्हणाली, "उचलायचं नाही. पडले तर जबाबदार कोण, ते आधी सांगा." शिपाई साहेबाकडे पाहू लागले, साहेब गाडीकडे. तेवढ्यात पोपटने तोंड उघडलं. साहेबाने मधेच बोलायचा प्रयत्न केला, पण कंट्रोलने बोट वर केलं. "त्यांना पुरं बोलू द्या."

सगळे थांबले. पोलीस, पत्रकार, उशिरा आलेले पाहुणे.

"आधी... उतार... आणा," पोपट म्हणाला. "मग... अटक... करा."

हशा पिकला. एक शिपाई तोंड फिरवून हसत होता. साहेबाने कपाळ पुसलं आणि फोन काढला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, एका टॅक्सी कंपनीकडे उताराची गाडी आहे. पलीकडून उत्तर आलं, ती आज दिवसभर लावलेली आहे. "कुणी लावलीय?" साहेबाने विचारलं. उत्तर ऐकून तो सावकाश कंट्रोलकडे वळला.

"तुम्हीच का त्या कंट्रोल?"

"हो. गाडी हवी असेल तर सांगा. पण सभागृहाचं दार आमच्यासाठी मोकळं झालं की लगेच पाठवते. त्याआधी नाही."

अटक काही झाली नाही. आत सन्मान झाला. काकांना उभं राहून मानवंदना मिळाली. पण आत जाताना प्रत्येक पाहुण्याला आंदोलनवाल्यांना वळसा घालावा लागला होता, आणि बाहेर पडतानाही लागला. ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

बातम्यांत कंट्रोल काही सेकंदच दिसली. 'हात लावायचा नाही' एवढंच दाखवलं, पुढचं कापलं. पूर्ण बोलणं फक्त एका वर्तमानपत्रात आलं, मोरीसकट. दुसऱ्या दिवसापासून कंपनीचे फोन खणखणू लागले. कृतघ्न, माजोरी, असल्या बाईला कामावर ठेवता? मालक तिच्या खोलीत आला, डोकं खाजवत उभा राहिला.

"लोक म्हणतात, तुला काढ."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, काढतो, पण तिच्या जागी तुम्ही येऊन बसा. या ड्रायव्हरांना एक दिवस आवरून दाखवा." आणि जाता जाता म्हणाला, "थोडं कमी ओरडली असतीस तरी चाललं असतं."

"मी ओरडलेच नाही."

"तेच तर. ओरडली असतीस तर लोक विसरले असते."

घरी शेजारीण आली होती. दारातूनच सुरू झाली, "काय गं बाई तुझी लेक! देवासारख्या माणसाला चारचौघांत..." कंट्रोल आतल्या खोलीत होती. तिला वाटलं, आता आईला हक्काची साथ मिळाली.

"तू बोलू नकोस तिला," आईचा आवाज आला.

"अगं, पण तूच तर काल..."

"मी आई आहे. मी बोलीन, शिव्या देईन, उपाशी ठेवीन. तुझा काय संबंध? आणि तो देवमाणूस माझ्या लेकीला मोरीत जायचंय हे ओळखू शकला नाही. मीही नाही ओळखलं. दोघं मोठे शहाणे, तिथेच तर उभे होतो."

दार लागलं. मग बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. शेवटी आई आतल्या खोलीच्या दाराशी आली. आज भिंतीशी बोलली नाही.

"जेवायला चल. आणि मला अजूनही पटलेलं नाही, सांगून ठेवते."

"नको पटू दे," कंट्रोल म्हणाली. "आधी जेवू. भांडायला ताकद लागते."

काही महिन्यांनी डब्यांवरचा फोटो बदलला. आता तिथे नुसतं फूल होतं. सभागृहालाही उतार झाला, पण मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापाशी, कचऱ्याच्या पिंपांना लागून. त्याचं उद्घाटन करायला संस्थेने कंट्रोललाच बोलावलं. गोड बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता तरी खूश ना?"

कंट्रोल, पोपट आणि बाकीची मंडळी हत्तीतून गेली. तिने उतार नीट पाहिला, चाक टेकवून बघितलं. उतार चांगला होता. फीत मात्र तिने कापली नाही.

"आम्ही भाजी घेऊन आलेलो नाही," ती म्हणाली. "मागच्या दाराने भाजी येते. आम्ही पुढून येणार."

मग तिने खुर्ची वळवली आणि इमारतीला वळसा घालून सगळे पुढच्या पायऱ्यांशी आले. चाकांचे ब्रेक ओढले. माहुताने न सांगता गाडी पलीकडच्या गल्लीत लावली.